परातभर तेल

कराडच्या एसटी स्टँडवर गाडी लागली की भोंग्यातून एका बाईचा आवाज येतो, ‘प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी, धन्यवाद.’ तो आवाज हर्षदा तांबवेकरचा. आता घोषणा यंत्रच करतं, पण प्रवाशांच्या कानाला हर्षदाची सवय झालेली, म्हणून यंत्राला तिचाच आवाज दिला. इतकी वर्षं लोकांना धन्यवाद म्हणून म्हणून बाईला खोडच जडली होती. रिक्षावाल्याला धन्यवाद, लिफ्टला धन्यवाद, एकदा तर दाताच्या डॉक्टरला दात उपटायच्या आधीच धन्यवाद. घरी मात्र ती हा शब्द काढत नसे, कारण नवरा वैतागायचा. “मला कशाला धन्यवाद? मी काय पाटणची गाडी आहे?” असं जयदीप म्हणायचा.

जयदीप वीज कंपनीत वायरमन होता. महापुराच्या वर्षी नदीकाठच्या एका गावात पाणी शिरलं. लोक छपरांवर बसलेले, खाली पाण्यात जिवंत तारा. ट्रान्सफॉर्मर बंद करायला जयदीप होडीतून गेला. ट्रान्सफॉर्मर बंद झाला, माणसं वाचली, आणि होडी पुढच्या वळणावर पालथी सापडली. पाणी ओसरल्यावर चिखलातून त्याचा एक बूट निघाला. हर्षदाने तो धुऊन, पुसून कपाटात ठेवला. मुलगी रेवा तेव्हा पहिलीत होती.

रेवा नववीत गेली त्या वर्षी फोन आला. कर्नाटकात, नदीच्या खालच्या अंगाला एका मठात डोळे तपासणारं फिरतं पथक गेलं होतं. मठात दिवे लावणारा, लाकडं फोडणारा, स्वतःचं नाव माहीत नसलेला एक माणूस होता. पथकाने त्याच्या डोळ्यात यंत्राचा उजेड टाकला आणि पडद्यावर नाव उमटलं. जयदीप हणमंत तांबवेकर, कराड, बेपत्ता.

हर्षदा रेवाला घेऊन धावत गेली. मठाने त्याला पुरातून ओढून काढलं होतं, डोक्याची जखम बांधली होती, गर्दी बघून तो थरथर कापायचा म्हणून त्याला गर्दीपासून जपलं होतं. हर्षदाने म्हाताऱ्या स्वामींना धन्यवाद म्हटलं, आचाऱ्याला म्हटलं, विहिरीवरच्या पंपालासुद्धा म्हटलं असतं. स्वामी हसले.

“हा मनुष्य वायरीला नेहमी उलटा हात लावतो बघा, बाई,” ते कानडी हेलात म्हणाले. “तेव्हाच आम्ही ओळखलं. कुठंतरी कामावर होता हा.”

हर्षदाला रडू फुटलं. वायर बंद आहे असं कितीही खात्रीने वाटलं तरी जयदीप आधी हाताची मागची बाजू टेकवायचा. वीज असली तर तळहात वायरीला चिकटून बसतो, उलटा हात झटक्याने सुटतो. नाव गेलं, गाव गेलं, बायको गेली, पण हातातलं काम गेलं नव्हतं.

तेच हात त्याने तिच्यापुढे जोडले. परक्या बाईला करतात तसा नमस्कार.

पुण्याच्या स्मृती केंद्रातल्या डॉ. शमा इनामदार बोलायला मोकळ्या होत्या. हर्षदा स्टँडवर काम करते म्हटल्यावर त्यांनी तिच्याच भाषेत समजावलं.

“आठवण मेंदूत एका जागी नसते, हर्षदाताई. दिसलेलं एकीकडे, वास दुसरीकडे, आवाज तिसरीकडे. खोलवर एक छोटा भाग आहे, तो फक्त कुठे काय आहे ते सांगतो. यांचा तो भाग जायबंदी झालाय. म्हणजे गाड्या सगळ्या डेपोत उभ्याच आहेत, फलकावरची अक्षरं तेवढी पुसली गेलीत.”

“मग ती परत लिहायची?”

“तेच करतो आम्ही. गाढ झोपेत हा भाग आणि बाकीचा मेंदू एकमेकांशी बोलत असतात. केसाहून बारीक तारांची जाळी आत बसवायची. ती ऐकत राहते. बोलणं सुरू झालं की नेमक्या त्या क्षणी आपण जवळच्या माणसाच्या आवाजात दोन वाक्यं ऐकवायची आणि हलका विद्युत्प्रवाह द्यायचा. याला आम्ही बीज म्हणतो. खाली खरी आठवण असेल तर बाकीची गोष्ट आपोआप वर येते. तुम्ही न सांगितलेलंही पेशंट सांगतो.”

“आणि खाली काही नसेल तर?”

“मेंदूला रिकामी जागा सहन होत नाही. तो गोष्ट रचतो. पेशंट पोपटासारखा तुमचीच वाक्यं बोलतो, वर स्वतःची पिसं लावतो. त्याला स्वतःलाही ते खोटं आहे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक घरच्या माणसाकडून आम्ही एक चकवा घेतो. घडू शकलं असतं, पण घडलं नाही असं काहीतरी. खऱ्या बीजांमध्ये ते मिसळायचं. चकवा उगवला नाही तर बाकीचं पीक खरं.”

“उगवला तर?”

“तर खुरपणी. औषध देऊन सगळंच पुसावं लागतं, कारण खरं कुठलं आणि तण कुठलं हे मग कळत नाही. खोटी आठवण वाढत गेली की माणूस भ्रमात जातो. आणि एकदा पुसलेली जमीन पुन्हा बीज घेत नाही. मठातून आले होते तसेच ते राहतील.”

चकवा काय द्यायचा याचा हर्षदाला फार विचार करावा लागला नाही. तो तिच्या मनात कितीतरी वर्षं तयारच होता.

रेवा मूळ नक्षत्रावर जन्मली. अशा लेकराचं तोंड बापाने शांती होईपर्यंत पाहायचं नाही, हा हर्षदाच्या माहेरचा, विट्याचा रिवाज. शांतीच्या दिवशीही आधी वाटीतल्या तुपात पडलेलं प्रतिबिंब बघायचं आणि मगच लेकरू. हर्षदाचे वडील अप्पा तर इतके कडक, की फोटोसुद्धा पाठवू देईनात. हर्षदाला वाटलं होतं, असल्या गोष्टींना हसणारा आपला नवरा ऐकून घेणार नाही, बिनदिक्कत येऊन उभा राहील. तो आला नाही. फोनवर म्हणाला, “ठीक आहे, शांती झाली की बघतो.” ते ‘ठीक आहे’ तिच्या मनात रुतून बसलं. पुढे जरा वाजलं की ती टोमणा मारायची, “तुमचं काय, तुम्ही तर पोटच्या पोरीला बघायला आला नव्हता.” जयदीप गप्प बसायचा.

काचेच्या खोलीत बसून तिने आपल्या भोंग्यातल्या स्वच्छ आवाजात बोलून ठेवलं, “रेवा जन्मली त्या आठवड्यात भर दुपारी तुम्ही विट्याला आलात. मागच्या दारी उभे राहिलात आणि तिला बघून गेलात.” बोलता बोलता तिला स्वतःलाच ते खरं असावंसं वाटलं.

जाळी बसली, बीजं पेरली, आणि जयदीप घरी आला. पहिल्या आठवड्यात तो दाराशी थांबून “आत येऊ का?” असं विचारायचा. मग एके सकाळी चहा पिताना सहज म्हणाला, “या स्टोव्हचं डावं बटण लागत नव्हतं ना?” दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकांचं नाव आलं. मग रेवाचा पडलेला पहिला दात आणि तो शोधायला उपसलेली कचऱ्याची बादली. बादलीबद्दल कुणी बीज दिलं नव्हतं. रेवा हरखून गेली. हर्षदा केंद्राला रोज फोन करून धन्यवाद म्हणायची. शेवटी तिथल्या मुलीने सांगितलं, “ताई, आठवड्यातून एकदा म्हटलं तरी चालेल.”

पुढच्या तपासणीला चार-पाच दिवस राहिले होते. दुपारी तिघं जेवायला बसले होते. रेवाने ताटातली भेंडी बाजूला सारली आणि जयदीप हसला.

“जन्मल्यापासून हट्टी. मी भर उन्हात विट्याला तुला बघायला आलो, तर डोळे उघडायला तयार नाहीस.”

हर्षदाच्या हातातली आमटीची पळी पातेल्यात पडली.

“खरंच बाबा? तू आला होतास?” रेवाने आईकडे पाहिलं. “आई तर म्हणते—”

“आलो होतो की. मागच्या दाराने. चपला हातात घेतल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. पाय असे भाजले!”

चकवा उगवला होता, आणि वर पिसंही लागली होती. हर्षदाने आमटी वाढली, भात वाढला, स्वतःच्या ताटात मात्र काही घेतलं नाही. समोर बसलेला माणूस नवऱ्याच्या तोंडाने, नवऱ्याच्या हाताने भात कालवत होता. पण खरा जयदीप विट्याला आला नव्हता, आणि हा आला होता. तिला हवा होता तसा नवरा तिने स्वतःच बोलून बोलून तयार केला होता की काय? स्टँडवरच्या यंत्रासारखाच तिचा आवाज आता या घरात तिच्याशी संसार करत होता?

त्यानंतर ती त्याच्यावर डोळा ठेवून राहिली. तो हसला तरी दचकायची, जुनी गोष्ट काढली तरी दचकायची. केंद्राला सांगावं तर त्याचं सगळं पुसलं जाणार. बादली, दात, स्टोव्हचं बटण, सगळं. तो पुन्हा दाराशी उभा राहून आत येऊ का विचारणार, तेही जन्मभर. न सांगावं तर जन्मभर आपल्याच शब्दांच्या बाहुल्याबरोबर राहायचं, आणि पोरीलाही त्याला बाबा म्हणायला लावायचं. सांगणं सोपं नव्हतं आणि लपवणंही.

तिने त्याला सापळे लावायला सुरुवात केली. कपडे वाळत घालताना म्हणाली, “गोकर्णला गेलो होतो तेव्हा अशीच हवा होती, नाही?”

जयदीपने बराच विचार केला. “गोकर्ण नाही आठवत.”

“आणि दापोलीला तुमचा पाय मुरगळला होता ते?”

“नाही.” त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. “हर्षदा, आपण दापोलीला गेलोच नव्हतो. तू माझी परीक्षा घेतीयस. परवापासून घेतीयस. काय झालंय?”

तिला राहवलं नाही. गॅलरीत ओल्या चादरीआड उभी राहून तिने चकव्याचं सगळं सांगून टाकलं. खुरपणीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला. चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

“म्हणजे मी आलोच नव्हतो.”

“नाही.”

“मग सांग डॉक्टरांना. पुसू देत. तुला खोट्या माणसाबरोबर राहायला लागू नये.” तो आत जायला वळला आणि थांबला. “पण मग ती परात कुठनं आली?”

“कसली परात?”

“तेलाची. मी रेवाला थेट बघितलंच नाही. उन्हात कुणीतरी परात धरली होती, त्यात तेल. शेंगदाण्याच्या तेलाचा घमघमाट. पोरीचं तोंड तेलात दिसत होतं. मग ती शिंकली आणि सगळं हललं.”

शांतीच्या दिवसाची वाटी याने चकव्यात कालवली, हाच हर्षदाचा पहिला विचार. पण शांतीला तूप होतं, चांदीची एवढीशी वाटी होती, आणि ती घरात देवापुढे होती. तेल, परात, ऊन यातलं काहीच तिने दिलं नव्हतं. अर्थात पिसं पोपटाला कुठूनही सुचतात.

“विट्याला जाऊ,” ती म्हणाली. “आत्या आहे अजून.”

अप्पा गेले होते, आईही गेली होती. विट्याच्या घरात आता सुशीलाआत्या एकटी राहायची. अप्पांची धाकटी बहीण, रिवाजांच्या बाबतीत अप्पांहून काकणभर जास्तच कडक. बाळंतपणात हर्षदाचं सगळं तिनेच केलं होतं. जयदीप परत आल्यावर गुडघ्यांमुळे ती कराडला येऊ शकली नव्हती, फोनवरच रडली होती.

दुसऱ्या दिवशी रेवा शाळेत गेल्यावर दोघं निघाले. गाडीला चालक नव्हता, वाहक मात्र होता, कारण सुट्ट्या पैशांवरून भांडायला एसटीत माणूस लागतोच. जयदीप खिडकीला उलटा हात टेकवून बसला होता.

हर्षदाने मनात पक्कं केलं होतं, परातीचा शब्द आपण काढायचा नाही. आत्याने जयदीपवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पाणी दिलं. मग हर्षदाने जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, “आत्या, रेवाची शांती व्हायच्या आधी हे इथं आले होते का गं कधी?”

आत्याने पदर सावरला. हर्षदाकडे पाहिलं नाही. जयदीपकडे बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

“जावईबापू, शपथ मोडलीसा व्हय?”

हर्षदाने पाण्याचा तांब्या बाजूला सारला.

“कसली शपथ, आत्या?” जयदीपने विचारलं.

“आता गं बया! पोरीच्या गळ्याची शपथ घातली हुती न्हवं मी तुमास्नी? कुनाला म्हंजी कुनाला सांगायचं न्हाई म्हून.”

“शपथेचं मला काहीच आठवत नाही.”

“न्हाई आठवत?” आत्या त्याच्याकडे बघत राहिली आणि मग खुदकन हसली. “मग सुटलासा. मलाबी सुटू द्या.”

तिने सांगितलं ते असं. “दुपारच्याला समदी निजली हुती. ही बी निजली हुती. मी पोरीला घिऊन परसात बसले, पाय जरा उन्हाला. बगते तर हे कुपनापल्याड उभं, चपला हातात. म्हनले, आत्या, लांबनं बगू द्या. मी म्हनलं, लांबनं न्हाई आन् जवळनं न्हाई, मूळ हाय. तर मानूस तितंच खाली बसला आन् रडाय लागला की. आता जावई रडाय लागल्यावर काय करावं मानसानं? परात आनली, तेलाचा नवा डबा फोडला. शांतीला तुपात बगत्यात, मग तेलात बगितलं तर काय बिगाडलं? म्हनलं, या, काय बगायचं ते ह्यात बगा. तेवढ्यात पोर शिंकली, तेल हाललं, आन् हे आपलं तेलालाच म्हनत्यात, ‘जपून गं, जपून.’”

जयदीपने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हर्षदाला त्या आठवड्यातली एक संध्याकाळ लख्ख आठवली. नवा डबा कुणी रिकामा केला म्हणून आईचा आरडाओरडा, अप्पांचा चढलेला आवाज, आणि ताटातली बिनफोडणीची गवार. मांजराने डबा सांडला असं आत्याने सांगितलं होतं. बिचारं मांजर त्यापायी दोन दिवस घराबाहेर होतं.

“पण मला का नाही सांगितलंस?” हर्षदा म्हणाली. “मी यांना किती बोलले, आत्या. वर्षानुवर्षं बोलले.”

“तुला सांगायचं?” आत्याने हात उडवले. “तुज्या पोटात काय ऱ्हातंय? तू श्टँडवर भोंग्यातनं सांगितलं असतंस. आन् अप्पाला कळतं तर त्यानं जावयाला जल्मात उंबरा वलांडू दिला नसता. म्हून पोरीचीच शपथ घातली. मोडनार न्हाईत हे ठावं हुतं.”

त्याने ती मोडली नव्हती. दर भांडणात तिने हेच काढलं, दर वेळी एका वाक्यात तिचं तोंड बंद करता आलं असतं, आणि तो पोरीच्या गळ्याला जपून गप्प बसला. पुरात सगळं वाहून गेलं तेव्हा ती शपथही गेली, म्हणून आता ही गोष्ट बाहेर आली. हर्षदाला त्या पुराचासुद्धा राग धरता येईना. मठ, डोळ्यांचं पथक, जाळी, डॉक्टर, परसातलं ऊन, तेलाचा डबा, कुणाकुणाचे उपकार मोजायचे? ती आत्याच्या पायांशी बसली आणि सवयीने म्हणाली, “धन्यवाद, आत्या.”

“गप, शाने,” आत्या म्हणाली. “घरच्यांना धन्यवाद म्हनत्यात व्हय?”

जयदीप तोंडावरचे हात काढून मोठ्याने हसला. हे हसू हर्षदाच्या ओळखीचं होतं. तिने त्यावर पुन्हा डोळा ठेवला नाही.

तपासणीच्या दिवशी डॉ. इनामदारांनी सगळं ऐकलं. आत्याला स्वतः फोन लावला, परातीबद्दल, शिंकेबद्दल विचारलं आणि फोन ठेवून नोंदी पुन्हा एकदा चाळल्या.

“म्हणजे तुम्ही चकवा म्हणून दिलंत ते खरं बीज निघालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्हणून तर ते इतकं जोरात उगवलं. खुरपणीचा प्रश्नच नाही. पुढचा टप्पा सुरू करू. फक्त नवा चकवा लागेल, हर्षदाताई. या वेळी नीट विचार करून द्या. जयदीपनी नक्की केलेली नाही अशी एखादी गोष्ट.”

हर्षदा काचेच्या खोलीत जाऊन बसली. रेकॉर्डिंगचा दिवा लागला. रेवाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तो सुट्टी होईपर्यंत शाळेबाहेर उभा होता, असं सांगावं? पण उभा असलाही असेल. त्याची आई गेली तेव्हा तो एकटाच घाटावर रडला असं म्हणावं? कोण जाणे, रडला असेल. एकेक गोष्ट तिने उचलली आणि खाली ठेवली. काचेपलीकडे बाकावर जयदीप बसला होता. रेवा त्याला आपल्या फोनवर काहीतरी दाखवत होती, आणि तो फोन चार्जिंगला लावायच्या आधी सॉकेटवर उलटा हात टेकवून बघत होता.

दार उघडून डॉक्टर आत आल्या. “सुचत नाही का? खात्रीने न घडलेलं असं एकही नाही?”

“एकच होतं, डॉक्टर,” हर्षदा म्हणाली. “ते तुम्हाला मागेच दिलं. धन्यवाद.”